अंगणातला ब्राझील

आदरणीय श्रावणभाऊ,

तुमच्या धाकट्या बहिणीचा मनापासून जय भीम. गुडघा कसा आहे? वयनीचा बीपी? चंद्रपूरच्या उन्हात उघड्या डोक्यानं फिरू नोका, आता केसाइचाही आधार राह्यला नाई. इकडं धान घरात आलं. तुमचे जावई खोकलून राह्यले, पण बिडी सोडत नाईत.

तुमाले मालूम आहे, मागल्या साली म्या सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देली. बाकी सारं निघालं, भूगोलानं दगा देला. आता मार्चमधी पुन्हा बसून राह्यली. भाऊ, हा भूगोल म्हणजे अर्धा ब्राझीलच आहे! (उरलेला अर्धा भारत. तो आपलाच, सांभाळून घेईन.) पुढल्या साली पुस्तक बदलते म्हणतात. म्हणजे यंदा नाई निघाली तं कॉफी, रबर, आमेझॉन, पाठ केलेलं सारं पाण्यात. मास्तरीण घरचीच, आपली सून संघप्रिया. दिवसभर मी तिची सासू, अन् पुस्तक उघडलं का ते माही सासू.

नकाशा काही केल्या डोक्यात बसेना. मंग संघप्रिया म्हणे, आई, अंगणात काढा. म्या सडा टाकून रांगोळीनं अख्खा ब्राझील काढला. नदीले नीळ, जंगलाच्या जागी धान पसरलं. चहा घेऊन येतपर्यंत कोंबड्याइनं अर्धं आमेझॉन खाऊन टाकलं. संघप्रिया म्हणे, राहू द्या, जंगल कमी होऊन राह्यलं असंच पुस्तकात आहे.

तेवढ्यात सुकलूभाऊ आले. आपल्या गावानं जंगलाच्या हक्काचा दावा टाकला तवा नकाशा असाच जमिनीवर काढला होता, अन् सुकलूभाऊ त्या समितीचे अध्यक्ष. पाह्यल्याबरोबर तापले. ग्रामसभेले न विचारता नकाशा काऊन काढला? आपली बोडी कुठी आहे? मी "ब्राझील" म्हणेपर्यंत त्याइनं काठीनं रिओजवळ पाण्याची बोडी खोदूनही टाकली. मंग दहा जण जमले. कोणी मोहाची झाडं मांडली, कोणी तेंदूपत्त्याची जागा दाखवली, धुरपतानं तं भर समुद्रात आपलं शेत काढलं (अतिक्रमण ते तिकडंही सोडत नाई). बाजूच्या गावची शीव कुठून जाते यावर हातघाईवर आले, तवा मी ओरडली, अरे बाबाहो, हा दुसरा देश आहे!

सुकलूभाऊ खाली बसले. म्हणे, बाई, तिथी जंगलात माणसं राह्यतात का? म्हटलं राह्यतात, रबराचा चीक काढतात, डिंक अन् मध गोळा करतात. म्हणे, मंग त्याइले जंगलाच्या हक्काचा पट्टा भेटला का? भाऊ, सारं पुस्तक चाळलं. लोकसंख्या आहे, निर्यात आहे, हे काही लिहून नाई. मले लय वाईट वाटलं, नापास झाली तवाही एवढं वाटलं नव्हतं. सुकलूभाऊ म्हणे, तू पास हो अन् शोधून सांग. आता सारं गाव माह्या निकालाची वाट पाहून राह्यलं.

एकंदरीत अभ्यास फसक्लास चालू आहे, भेव अजिबात नाई. तुमी काळजी करू नोका, इकडं यायची तकलीफही घेऊ नोका.

तुमची लाडकी,
बायना

ता.क. वयनीसाठी मोहफुलं वाळवून ठेवली आहेत.

आणखी ता.क. भेव नाई असं लिहिलं, कारण संघप्रिया मांगून वाचत होती. आता ते पाण्याले गेली. भेव आहे, भाऊ. मागल्या साली पेपर हाती आला अन् भेवाच्या भरात ब्राझीलची राजधानी समुद्रात टाकून आली. तुमी आरमोरीले मॅट्रिकच्या पेपरले बसले, तवा रोज फाटकाबाहेर तुमचा डबा घेऊन मी बसत होती. बाबानं आठवीतून माहं नाव काढलं होतं, मले दुसरं काम काय होतं? (बाबाचं चुकलं असं नाई म्हणत. शाळेत एकालेच पाठवणं जमत होतं.) तुमी खिडकीतून पाहत, मी हात हालवत होती. आता केंद्र त्याच शाळेत आलं आहे. गुडघा दुखन तं दुखू द्या, एसटीनं या. डबा नाई आणला तरी चालते, पण खिडकीतून दिसाल असे बसा.