रांग सात, खुर्ची चोवीस

किताउमी पेपर मिलचा आइस हॉकी संघ या हंगामाअखेर बंद होणार आहे. संघाचे व्यवस्थापक कुदो-सान यांनी काल, १९ जानेवारी १९९९ रोजी, फोनवर मला या बातमीला दुजोरा दिला. त्यामुळे माझं १९९४ सालचं मृत्युपत्र निरुपयोगी झालं असून ते मी रद्द करत आहे. त्यात रिंकवरच्या दोन खुर्च्यांची तिकिटं माझ्यामागेही दरवर्षी काढावीत, असं लिहिलं होतं.

मी, चंद्रहास दत्तात्रेय नाडकर्णी, वय ६१, निवृत्त क्रीडावार्ताहर, राहणार सेंदाई, हे नवं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. असलाच तर खुर्ची क्रमांक चोवीसचा. त्याचा खुलासा पुढे येईल.

१. पुण्यातला फ्लॅट आणि शिल्लक असेल ते सगळं माझी मुलगी वैभवी, राहणार उरायासु, हिला. गॅलरीतला कढीपत्ता शेजारच्या चित्राताईंनी जगवला आहे. फ्लॅट विकला तरी ती कुंडी त्यांची.

२. माझ्या सतरा स्कोअरवह्या किताउमीच्या वाचनालयाला. १९५७ साली गिरणीच्या कामगारांनी ओंडके ठेवायच्या तळ्यावर बर्फ जमताच खेळायला सुरुवात केली, तिथपासूनची ऐकीव हकिगतही त्यांत आहे. खेळाडू सकाळी कागदाची रिळं बांधत आणि दुपारी बर्फावर उतरत. संघ कधीच अजिंक्य ठरला नाही. तीनदा दुसरा आला. हरल्यावरही सगळे ओळीत उभे राहून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करत. माझी पत्नी ज्योत्स्ना १९८१ साली विद्यापीठात संशोधनासाठी इथे आली, मी तिच्यामागून टाइपरायटर घेऊन आलो. पहिल्याच सामन्यात ती म्हणाली, "अरे, सकाळी ज्याने आपल्याला स्टेशनवर वाट दाखवली, तोच आता दात पाडून घेतोय! असा संघ सोडून कुठे जायचं?" आम्ही कुठे गेलो नाही.

३. तोक्यो कचेरीतला माझा सहकारी उल्हास याला लाल पेन्सिलींचा डबा. एकीलाही टोक केलेलं नाही. कोणाची बातमी कापण्याआधी त्याला थोडा वेळ लागावा. त्याच्याविषयीची दुसरी तक्रार मात्र मी मागे घेत आहे. कारण पुढच्या कलमात.

४. दुरुस्ती. ३ मार्च १९९० च्या सामन्याविषयी मी दिलेली माहिती चुकीची होती. छातीत दुखतंय असं ज्योत्स्नाने सामना संपल्यावर सांगितलं, असं मी डॉक्टरांना आणि सोळा वर्षांच्या वैभवीला सांगितलं. खरं असं : दुसऱ्या मध्यंतरात ती म्हणाली, "चंद्रहास, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय. निघू या का?"

मी म्हटलं, "शेवटचा भाग तेवढा होऊ दे. बातमी देतो नि निघू."

सामना संपल्यावर मी लॉबीतल्या फोनवर गेलो. उल्हासने खेळाडूंची नावं पुन्हा पुन्हा विचारली. आठ मिनिटं गेली. नऊ वर्षं मी त्या आठ मिनिटांचा दोष त्याला दिला. त्याआधीचा अर्धा तास माझा होता. परत आलो तेव्हा ती ताठ बसली होती, शाल नीट पांघरलेली, माझी वही मांडीवर. शेवटचा गोल तिने माझ्या वहीत लिहून ठेवला होता. वेळेसकट. तिच्या तोंडासमोर वाफ नव्हती.

५. रांग सात, खुर्च्या तेवीस आणि चोवीस. मी दोन्ही तिकिटं काढत राहिलो. रिंकवर इतकी थंडी असते की प्रत्येकाचा श्वास दिसतो. पुढच्याच हंगामापासून चोवीसवरही दिसू लागला. मोजका, जरा धापेचा. बर्फ सारखा करणारं यंत्र चालवणारे ओनोदेरा-सान सामन्यात दोनदा समोरून जातात. मी एकदा भीत भीत त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तिकिटं दोन, वाफा दोन. मी वेगळं काय बघणार?"

दोघांनी पाहिलं म्हणजे बातमी छापता येते. पण मला तिसरी साक्ष हवी आहे. आईची शाल वैभवीला. दर सामन्याला मी ती चोवीसवर ठेवतो, तिथून ती तिने स्वतः उचलावी. आजवर रिंकवर बोलावलं की ती एवढंच म्हणते, "मो इइ यो, बाबा." पुरे आता. तिचंही बरोबर आहे. तिला मी खरं सांगितलंच नव्हतं. म्हणून कलम चारची प्रत मी मरेपर्यंत न थांबता आजच टपालाने पाठवत आहे. सोबत तेवीस क्रमांकाचं तिकीट. मी मागे उभा राहीन.

साक्षीदारांना काही ठेवता येत नाही, असं कळतं. त्यामुळे ओनोदेरा-सान यांना फक्त आभार. हे वाचून दुसरा साक्षीदार, इथलाच अंबरीष, म्हणाला, "काका, हे मृत्युपत्र आहे की कबुलीजबाब?" मी म्हटलं, "सही दोन्हींखाली चालते."

शेवटचा सामना रविवार, २८ फेब्रुवारी, दुपारी दोन. सामन्यानंतर ओनोदेरा-सान गोठवणयंत्र बंद करतील. मंगळवारपर्यंत बर्फाचं पाणी होईल आणि रिंकवर कोणाचाच श्वास दिसणार नाही, असा त्यांचा अंदाज आहे. वैभवी त्याआधी येईल, असंही ते म्हणतात. या बातमीला अद्याप दुजोरा मिळालेला नाही.

सही व शिक्का : चंद्रहास द. नाडकर्णी
साक्षीदार : ओनोदेरा मासाओ, किताउमी
साक्षीदार : अंबरीष पाटणकर, सेंदाई
सेंदाई, २० जानेवारी १९९९