बासष्ट दिवसांची चिलटं

मॅडिसन, १४ ऑक्टोबर

प्रिय लॉटीताई,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. हल्ली घरात त्यांचंच चालतं असं ऐकते. इकडे मी ठीक. (रक्तदाब सोडला तर, आणि तो डॉक्टरनेही सोडून दिलाय.)

प्रयोगशाळेत मी अजून चिलटांची स्वयंपाकीणच. मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट, असा घाटा मोठ्या पातेल्यात शिजवते. यंदा निम्म्या घाट्यात एक पांढरी पूड घालायची होती. अन्न पचताना आपल्याही अंगात ते द्रव्य तयार होतं म्हणे, आणि वय वाढलं की कमी पडतं. चिलटाचं आयुष्य ते केवढं, दोनेक महिन्यांचं. बासष्टाव्या दिवशी साधा घाटा खाणारी उरलीसुरली चिलटं त्यांच्या काचेच्या नळीच्या तळाशी बसून होती (आपल्या चर्चमधला मागचा बाक आठव), आणि पूडवाली मात्र नळी टेबलावर आपटताच भराभरा वर चढली. मी मोजायचं विसरून टाळ्याच वाजवल्या.

गेल्या मंगळवारी बाहेरगावचे शास्त्रज्ञ ही चढाई बघायला आले. आमच्या प्रमुख लिंडक्विस्टबाईंनी (हुशार, पण हसू जपून वापरतात) नळी माझ्या हातात दिली. मला नेमकी शिंक आली, नळीच्या तोंडचा कापसाचा बोळा उडाला, आणि त्रेचाळीस म्हाताऱ्या जिवांनी मी पाहुण्यांसाठी केलेल्या सफरचंदाच्या केकवर झडप घातली. "इर्मा, पकडा त्यांना! म्हातारी आहेत ती!" बाई ओरडल्या. "हे मला काय सांगता, त्यांना सांगा!" मी म्हटलं. एकेचाळीस सापडली. एक कॉफीत निघालं. उरलेलं पाहुण्यांनी दालचिनी समजून खाल्लं असावं; केक छान झालाय म्हणाले.

सगळे गेल्यावर भांडी घासता घासता मी बाईंना विचारलं, एक्याऐंशीच्या बहिणीला ही पूड किती द्यायची? त्या पहिल्यांदाच माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. "इर्मा, चिलटांना लागू पडलं ते माणसांना पडेलच असं नाही. कळायला अजून बरीच वर्षं लागतील."

वर्षं! ताई, तीच तर हवी होती. आई गेली तेव्हा मी पाचची, तू सतराची. माझ्या वेण्या तू घातल्यास, आणि तू कायम सतराचीच राहणार असं मी धरून चालले. बाईंचं ऐकून मी नळ जोरात सोडला आणि पोटभर रडले. (पातेली मोठी असली की आवाज झाकला जातो.)

तुझी धाकटी,
इर्मा

ता. क. तुझा लेक डेल तुला ऑरेगनला, त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेतोय, हे मला त्याच्याकडून कळलं. तू बोलली नाहीस. जाऊ नकोस गं. माझी खालची खोली रिकामी आहे. पायऱ्या नाहीत, खिडकीतून तळं दिसतं.

आणखी ता. क. "विचार करून कळव" असं लिहिणार होते. पण तू विचाराला बसलीस की नाताळ उजाडतो. डेलशी बोलून झालंय. रविवारी दहाला गाडी घेऊन दारात येते. सामान भरू नकोस, तू फार भरतेस. मी येऊन भरेन.