डेलावेअरची निळी कोंबडी

१ मे, सकाळ
तेजल नऊ तारखेला येतेय. मुलाची मुलगी, वय नऊ, मुक्काम डेलावेअर, अमेरिका. मागच्या खेपेला पंधरा दिवसांत माझ्याशी एकच वाक्य बोलली. वायफायचा पासवर्ड विचारला. यंदा तिला शेजारी बसवून गप्पा मारायला लावणारच. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. तिच्याच राज्याचा इतिहास तिला शिकवीन, राज्याच्या प्रतीकांवरून. पोरगी हलणार नाही.

३ मे
तयारी जोरात. राज्याचं फूल पीचचं, कीटक लेडीबग, पक्षी ब्लू हेन. म्हणजे निळी कोंबडी! स्वातंत्र्ययुद्धात तिथले सैनिक म्हणे झुंजीचे कोंबडे बरोबर नेत, त्यावरून पलटणीला नाव पडलं. चार्ट कोणीही लावतं. मी कोंबडीच आणणार.

६ मे
कोंबड्या पाळणाऱ्या सायखेड्याच्या भिमाजीला फोन. निळी नाय मास्तर, पांढरी हाय, पण लय गुणाची हाय, म्हणाला. पांढऱ्यावर उपाय आहे. घरात कपड्यांची नीळ आहे.

८ मे, दुपार
कोंबडी बादलीत बुचकळली. सौ. म्हणाली, एक तर कोंबडी मरेल नाहीतर तुमची अब्रू जाईल. दोन्ही शाबूत. माझे हात, बनियन, मोरी गडद निळी. कोंबडी फिकट आकाशी. शैक्षणिक कामाला पुरेशी.

१० मे
पहिला तास. तेजल पेंगत होती (प्रवासाचा शीण, शिकवण्याचा संबंध नाही). कोंबडी पाहून टक्क जागी झाली. म्हणाली, आजोबा, ब्लू हेन राखाडी असते, आमच्या शाळेत पहिलीतल्या मुलांनाही माहीत आहे. मग कोंबडीला कुशीत घेऊन आंघोळ घालायला गेली. सौ.ही गेली. दोन तास दोघींचं हसणं ऐकू येत होतं. सौ.ला इंग्रजीचा गंध नाही. मी एकटाच नकाशासमोर. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१२ मे, संध्याकाळ
तेजल आपण होऊन शेजारी येऊन बसली! महाराष्ट्राची प्रतीकं कोणती, तिनेच विचारलं. हातचा मळ. पक्षी मोर, प्राणी वाघ, फूल कमळ, झाड वड.
तिने फोनमध्ये पाहिलं. हरियाल, शेकरू, ताम्हण, आंबा. चारात शून्य. इतके कमी गुण मी नोकरीत कुणाला दिले नाहीत. माझा विषय इतिहास, जीवशास्त्र नव्हे, असं सांगितलं. तिने समजुतीने मान हलवली. मग शेकरूचे फोटो दाखवत दीड तास बोलत बसली.
उद्या नऊला तिने माझी टेस्ट ठेवलीय. सौ.ने आतून विचारलं, चहा आत्ता टाकू का अभ्यास झाल्यावर?
अभ्यास झाल्यावर, म्हणालो.