मिनिटाला सत्तर घनफूट

देवगाव रंगारी, १० मार्च २०२५

तीर्थरूप निशाआत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

माझे मागील पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलेत. दहापैकी साडेपाच गुण मिळाल्याचे ऐकून अण्णांनी बहिणीच्या नावाने पेढे वाटण्याची तयारी दाखवली. फोन तुम्हाला वर्ज्य, म्हणून हेही पत्र सकाळच्या एसटीच्या वाहकाकडे देत आहे.

विषय गंभीर आहे. आपल्या डाळमिलमध्ये कलर सॉर्टर आला. त्याचा कॅमेरा काळा दाणा हेरतो आणि हवेचा फटकारा त्याला बाहेर उडवतो. द्वारकाबाई तीस वर्षे सुपात करत आल्या तेच काम, निमिषात. त्या हवेसाठी कॉम्प्रेसर हवा. अण्णांनी टायरच्या दुकानातली म्हशीएवढी जुनी टाकी पाहून ठेवली आहे. तिच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, की लई मोठी हाय, हवा मावंल बी आन् उरंल बी.

१२ एप्रिलला हैदराबादचा खरेदीदार नमुना पाहायला येतो. त्याने माल नाकारला, तर मिल चुलतभाऊ अभयकडे सोपवायची, असे अण्णा चार माणसांत बोलून बसले आहेत. सहा वर्षे मी ही मिल चालवली; ती एका टाकीपायी घालवायची नाही. टाकी किती मोठी घ्यावी?

उत्तराची आणि अर्ध्या गुणाच्या वाढीची वाट पाहणारी,
श्रेया

ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर, १३ मार्च २०२५

चि. श्रेया हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रश्नच चुकल्यामुळे त्याचे उत्तर संभवत नाही. टाकी हवा साठवते, निर्माण करत नाही. नळाची धार बारीक असेल, तर रांजण केवढाही असो, आठ पाहुणे येताच तळ दिसतो. कॉम्प्रेसर निवडायचा तो प्रवाहावर: ठरलेल्या दाबाला तो दर मिनिटाला किती घनफूट हवा प्रत्यक्ष देतो, यावर. विक्रेता अश्वशक्तीच्या गप्पा मारू लागला, तर त्याला तबेल्याचा रस्ता दाखव. दाब न सांगता प्रवाहाचा आकडा फेकणाऱ्याला तोही दाखवू नकोस.

तुझ्या सॉर्टरच्या पुस्तिकेत सहा बार दाबाला पन्नास घनफूट लिहिले असेल. (असलेच पाहिजे, मी तिघांना विचारून खात्री केली आहे.) गळतीचे पाच. त्यावर पाव हिस्सा राखीव. झाले पावणे एकोणसत्तर. सत्तर घे. दादाला सांग, म्हैस टायरवाल्याकडेच सुखी आहे.

एकतीस वर्षे मी हा विषय शिकवला. माझे गणित चुकलेले नाही. एकदा चुकल्यासारखे वाटले, तेव्हा पाठ्यपुस्तक चुकीचे निघाले.

गुण: सहा. लोभ आहे, तो दरवेळी लिहून मागू नये.
निशा

देवगाव रंगारी, २ एप्रिल २०२५

तीर्थरूप निशाआत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

सत्तर घनफुटांचा कॉम्प्रेसर बसवला. सकाळी डाळ अशी निघते, की सोन्याचे दागिने फिके पडावेत. मात्र दुपारी अडीचच्या सुमारास दाबाचा काटा सहावरून चारवर घसरतो, फटकारा मलूल होतो आणि काळे दाणे ऐटीत पुढे निघून जातात. चार वाजता सारे आपोआप सुरळीत. सलग आठ दिवस हेच.

लिहायला संकोच वाटतो, पण अण्णा म्हणाले, की तुझ्या आत्याचं गणित लई शिकलेलं हाय, दुपारच्याला दमतं. अभय कालपासून मिलमध्ये येऊन खुर्च्या मोजतो आहे. दहा दिवस उरले.

तुमच्या गणितावर अजून विसंबून असलेली,
श्रेया

ज्योतीनगर, ४ एप्रिल २०२५

चि. श्रेया हिस आशीर्वाद.

गणित दमत नाही, माणसे दमतात. हा एवढाच निरोप दादाला दे.

गळतीला घड्याळ कळत नाही. रोज अडीचला सुरू होऊन चारला थांबते ती गळती नव्हे, कुणीतरी हवा वापरते. उद्या अडीच वाजता कॉम्प्रेसरपासून निघ आणि नळी जिथवर जाते तिथवर चालत जा. वाटेत कुणाशी बोलू नकोस.

तपासायलाही वेळ नसलेली,
निशा

देवगाव रंगारी, ६ एप्रिल २०२५

तीर्थरूप निशाआत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

चालत गेले. साफसफाईची हवेची नळी गोदामाच्या मागे वळली, लिंबाखाली पोचली आणि एका बाजेच्या पायाला सुतळीने बांधलेली सापडली. तिचे चार मिलिमीटरचे पितळी तोंड अण्णांच्या बंडीत होते. बंडी फुग्यासारखी टम्म फुगलेली आणि अण्णा गाढ झोपेत. कॉम्प्रेसर बसल्यापासून जेवण झाले, की ते रोज असेच गार होत असतात.

द्वारकाबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, की मला पयल्या दिवसापासून ठाव हाय, पर आम्हाला इचारतंय कोण! मिलमधल्या सर्वांना ठाऊक होते. मालकाला उठवणार कोण, हा प्रश्न होता. आता तो माझा आहे. वडिलांना हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

हतबल,
श्रेया

ज्योतीनगर, ७ एप्रिल २०२५

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

चार मिलिमीटरच्या उघड्या तोंडातून सहा बारला मिनिटाला सुमारे पस्तीस घनफूट हवा जाते. सॉर्टरचे पन्नास, गळतीचे पाच आणि तुझ्या वामकुक्षीचे पस्तीस, म्हणजे नव्वद. आणि यंत्र सत्तरचे. पोरीची मिल तू झोपेत बुडवतो आहेस. शिवाय दाबाची हवा अंगावर घेणे हा जिवाशी खेळ आहे. कातडीत शिरली, तर गार नव्हे, थंडगार होशील.

आता मला जे लिहिणे सर्वाधिक जड जाते ते लिहिते. चूक माझी. मी यंत्रे मोजली, माणसे मोजली नाहीत. खळ्यावर उफणणीचा पंखा धान्याकडे कमी आणि स्वतःकडे जास्त फिरवणारा भाऊ मला सत्तावन्न वर्षे ठाऊक आहे. त्याला मी हिशेबात धरायला हवे होते.

बारा तारखेला जागा राहा.

धाकटी असूनही ओरडणारी,
निशा

देवगाव रंगारी, १३ एप्रिल २०२५

चि. निशास बद्रीनाथचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोरीला दाखवलं नाय. चूक कबूल केलेला कागद तुझ्या हातचा पयलाच, म्हणून पेटीत कुलूप लावून ठेवलाय.

काल खरेदीदार बरोब्बर अडीचला आला. मी गोदामामागं बाजेवर बसून व्हतो, नळीचा कॉक बंद करून मुठीत दाबून. घामानं बंडी भिजली, पर कॉक उघडला नाय. काटा सहावरनं हलला नाय. द्वारकाबाईनं नमुन्याची किलोभर डाळ सुपात पाखडली आन् दोन काळे दाणे काढले. म्हणाली, मशीन बरं हाय, माझ्याइतकं नाय. त्या माणसानं वर्षाचा माल ठरवला. अभयला म्या सांगितलं, की बाबा, खुर्च्या मोजून झाल्या असतील तर त्यातल्या एकीवर बस आन् चहा पी. मिल श्रेयाची हाय.

या पत्रासंगं नळीचं पितळी तोंड एसटीनं पाठवलंय. तुझ्यापाशी ठेव. मे महिन्यात म्या स्वतः येऊन मागितलं, पाया पडलो, तरी देऊ नको.

आन् पुढचं मशीन घेताना माझे पस्तीस धरायचे का नाय, ते पोरीला कळव. मी इचारलं म्हणून सांगू नको.

तुझा, सध्या जागा असलेला,
दादा