आईच्या तेराव्याची नोंद

सोलापूर, ता. ९ जुलै १९३४

प्रिय चिंतामणी,

'प्रिय' आज नुसतं सवयीनं लिहिलं. तुझं पत्र आणि छापील लेख, दोन्ही पोचले. लेख तीनदा वाचला.

नऊ वर्षं मी गच्चीवरून कन्या राशीतल्या त्या ताऱ्याला दुर्बीण लावत आले. नुसत्या डोळ्यांना तो एकच दिसतो, वडिलांच्या तीन इंची दुर्बिणीतून दोन. ते एकमेकांभोवती फिरतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेचा कोन वर्षाला जेमतेम अर्धा अंश बदलतो. दिवेलागणीला, आभाळ पुरतं काळं व्हायच्या आत, दोघांना भिंगात ताणलेल्या बारीक तारेवर धरायचं आणि बाजूच्या अंशांच्या चकतीवरचा कोन वाचायचा. शेजारणी हसायच्या, "विधवा बाईचं आभाळात काय हरवलंय?" तू तेव्हा पुण्यात. गेल्या दिवाळीत आलास आणि पक्क्या वह्या घेऊन गेलास. "अक्का, तुझ्या नावानं कोण छापणार? माझ्या नावापुढे पदवी आहे की," म्हणालास. मीच त्या फडक्यात बांधून दिल्या. लेखात मी 'घरातील एक व्यक्ती' झाले. तेही गिळलं असतं.

पण एकतीस सालच्या मे महिन्यातल्या नोंदी कुठून आल्या? माझ्या वहीत ती पानं कोरी आहेत. आई अंथरुणावर होती, मग गेली. महिनाभर दुर्बीण पेटीतून निघालीच नाही. तू मात्र सात कोन छापलेस, सगळे विलायती कोष्टकात आधीच वर्तवलेल्या कोनांशी बरोबर जुळणारे. त्यातला एक एकोणीस तारखेचा. चिंतामणी, त्या दिवशी आईचं तेरावं होतं. डोकं भादरलेला तू माझ्यासमोर पंगतीत बसला होतास. तारीखसुद्धा आठवली नाही तुला?

आता लेख छापणाऱ्या संपादकांनी मूळ वह्या मागितल्या, तेव्हा तुला अक्का आठवली. "त्या सात नोंदी तुझ्याच हातच्या, एवढं कळव, नाहीतर कॉलेजातली माझी जागा जाईल," असं लिहितोस. मी कळवलं आहे. कच्च्या वह्या आज सकाळी रजिस्टर पोस्टानं संपादकांकडे गेल्या. त्या सात नोंदी माझ्या नाहीत, बाकीच्या सगळ्या माझ्या आहेत, असं लिहून खाली पूर्ण नाव घातलं. पोस्टातून परतताना तुझी बायको सरोजिनी आणि पोरं डोळ्यांपुढे आली, रडू आलं. तरी मागे फिरले नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. त्यांना घेऊन इकडे यायची पाळी आलीच, तर ये. माजघराशेजारची खोली रिकामी आहे. गच्चीचा जिना मात्र तू चढायचा नाहीस.

नात्यानं तुझीच,
अनसूया