इंजिनाला नारळ

४ नोव्हेंबर, मंगळवार
व्हॅन अजून मिसिंग मारते. दसऱ्याला पूजा झाली तेव्हापासून एक सिलिंडर कामावरच येत नाही. कंटाळा आला. सोमवारी सायलीला सोयगावच्या शाळेत पहिल्या नोकरीवर हजर व्हायचंय. पोरीला मीच सोडणार, असं साऱ्या गल्लीला सांगून बसलोय. यूट्यूब पाहिलं. दोष प्लगचा. माझं निदान सहसा चुकत नाही.
संध्याकाळी दर मंगळवारप्रमाणे सीट उचलली, खालच्या इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडून पाणी वाहिलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
नवे प्लग टाकले. मिसिंग वाढलं. म्हणजे दोष प्लगचा नव्हता. हेही निदानच.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कॉइल बदलली. हर्सूलपर्यंत गचके खात गेलो. रिक्षावाल्यानं विचारलं, चाचा, घोडा है क्या? दुर्लक्ष केलं.
घरी द्वारका म्हणाली, वायरींवर नारळाचं पाणी वतायचं आन् वरून गाडीवरच चिडायचं, इंजिन हाय का महादेवाची पिंड? बायकोला इंजिनातलं काय कळतं!

८ नोव्हेंबर, शनिवार
काल काहीच केलं नाही. व्हॅन सीट उघडी टाकून उन्हात उभी. आज सायलीनं केस वाळवायचं मशीन आणून वायरींवर फिरवलं. करू दिलं. लेकरू चार दिवसांचं पाहुणं.

९ नोव्हेंबर, रविवार
चौक्याचा घाट चढली! एक गचका नाही. कॉइलच होती. मी म्हणत होतोच.
सायलीची गादी, शेगडी, बॅग मागे भरली. द्वारका म्हणाली, आता गाडीला हात लावू नका, लई उपकार होतील. लावणार नाही. फक्त पूजा.

१० नोव्हेंबर, सोमवार, सकाळी
पोरीचं पहिलं पाऊल. पूजेशिवाय कसं निघायचं? मोठा नारळ आणला. पाणी भरपूर निघालं. थेंबही वाया घालवला नाही.

त्याच दिवशी, दुपारी
हर्सूलच्या पुढे बंद पडली. ढकलली. पुन्हा बंद. सायलीनं घड्याळ पाहिलं, बॅग उचलली, सिल्लोडच्या एसटीला हात केला. खिडकीतून म्हणाली, बाबा, उन्हात थांबू नका, डबा खाऊन घ्या.
एसटी गेली. मग रडू आलं. तिला शाळेच्या दारापर्यंत सोडायचं होतं, शिपायानं विचारलं तर मी वडील म्हणून सांगायचं होतं. एवढंच होतं माझं.
तिच्या गादीवर पडून राहिलो. डबा खाल्ला. शेवटी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं. खवट!
तरीच.
उद्या मंगळवार. नारळ नीट पारखून आणायला हवा.