वर निळं, खाली लाल

२२ ऑगस्ट, मंगळवार

नाव नोंदवलं. स्की क्लबाच्या यादीत पस्तीस वर्षांनी पुन्हा माझं नाव! तुरिदने चष्म्यावरून बघितलं. यादी हीच सांभाळते, वाफल्सही हीच भाजते. "गुनवोर? आपली गुनवोर? ओस्लोहून कधी आलीस गं?" म्हटलं, जूनमध्ये. इथल्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची नोकरी मिळाली. "आणि आता स्की आठवली होय!"

विसरले कधी होते?

खरं कारण तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. तोर्लाइफ. शहात्तर वर्षांचा झालाय, तरी मेणखोलीची, म्हणजे स्कीच्या तळाला मेण लावतात त्या खोलीची, किल्ली अजून त्याच्याच खिशात. अजून सगळं गाव त्याला देवमाणूस म्हणतं. मला त्या देवमाणसाची एकदा, भर शर्यतीत, सगळ्यांसमोर फजिती झालेली बघायची आहे. एवढं झालं की यादीतून नाव काढून टाकेन.

२९ ऑगस्ट

बर्फ पडेपर्यंत सराव रस्त्यावर, चाकांच्या स्कीवर, आणि त्यांना ब्रेक नसतो. माहीत होतं, पण गुडघे विसरले होते. शाळेच्या पटांगणातून निघालो, चर्चपर्यंत ठीक. सत्तरीच्या बायका पिवळी जाकिटं घालून मला मागे टाकून गेल्या, हसत! मग उतार आला. पुढून सीव ओरडतेय — "गवतात जा! गुनवोर, गवतात!" सीव म्हणजे तोर्लाइफची मुलगी. आता क्लबाची अध्यक्ष, मंगळवारचा सरावही हीच घेते. गवतात गेले. गवतापलीकडे मेंढ्यांचं कुंपण होतं, तेही कळलं.

तारेतून मला सोडवलं ते तोर्लाइफनेच. हात पुढे केला. "उठ, पोरी."

पोरी! त्रेपन्न वर्षांची आहे मी. तो हात धरावा लागला याचाच जास्त संताप आला.

५ सप्टेंबर

कोपर सुजलंय. रागाला काही झालेलं नाही.

१९ सप्टेंबर

आज सरावानंतर तुरिद म्हणाली, "तू किती छान पळायचीस गं! मध्येच का सोडलंस?" मी कॉफीचा कप तोंडाला लावला.

का सोडलं? लिहूनच टाकते एकदा. फेब्रुवारी अठ्ठ्याऐंशी. निवडीची शर्यत, दहा किलोमीटर. पहिल्या चौघी राष्ट्रीय शिबिराला जाणार होत्या. मी सतरा वर्षांची, त्या हिवाळ्यात एकही शर्यत हरले नव्हते. सीवला तर दर वेळी मागे टाकलं होतं. क्लबातल्या सगळ्या मुलींच्या स्कीला मेण लावणारा तोर्लाइफ. आणि आपल्याकडची रीत — कोणी मेण लावून दिलं की ती स्की उलटी करून बघायची नाही. बघितली तर लावणाऱ्याचा अपमान. मीही नाही बघितली. पायात घातली आणि सुटले.

चौथ्या किलोमीटरला बर्फ चिकटायला लागला. आधी मूठभर, मग पावाएवढा. घसरायचं सोडून मी पाय आपटत चालत होते. एकतिसावी आले. सीव तिसरी.

घरी जाऊन तळ खरवडला. वर निळ्या मेणाचा पातळ थर, त्याच्याखाली लाल. उणे चार, ताजा बर्फ, आणि पायाखाली लाल! निळं मेण थंडीचं, लाल ओल्या बर्फाचं. थंडीत ताजा बर्फ त्याला गोंदासारखा धरून बसतो, हे आपल्याकडे सात वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. सीवच्या स्कीला नुसतं निळं होतं, मी स्वतः बघितलं.

त्याला जाऊन विचारलं. म्हणाला, "मला वाटलं दुपारी ऊन पडेल." बस्स. गावाने मान डोलावली. ऊन काय फक्त माझ्याच पायाखाली पडणार होतं?

सीव शिबिराला गेली, नंतर दोन वर्षं राष्ट्रीय संघात होती. मी ओस्लोला गेले आणि लोकांच्या दातांवरचा मळ खरवडायला शिकले.

१४ ऑक्टोबर, शनिवार

श्रमदान. हिवाळ्याआधी वाटेवरच्या फांद्या तोडायच्या. यायलाच हवं असं कोणी म्हणत नाही, पण कोण आलं नाही ते दहा वर्षं लक्षात ठेवतात. जोड्या सीवने लावल्या. दोघांनी ओढायच्या करवतीला एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तोर्लाइफ! नशीबही कधीकधी माझ्यासारखंच खवचट असतं.

तासभर नुसती करवत ओढली. मग लाकडावर बसून त्याने थर्मासमधून कॉफी ओतली. निम्मी गवतावर. बोटं थरथरत होती. मी बघितलं हे त्याने बघितलं. हात खिशात गेले.

तुरिदकडून कळलं — येत्या मार्चमध्ये त्याची पन्नासावी खिंडीची दौड, म्हणजे क्लबाची दरवर्षीची स्कीची शर्यत. तीस किलोमीटर, साडेतीन तासांच्या आत पोहोचलं तरच धरतात. पन्नास झाल्या की क्लबाच्या दारावर पितळी पाटीत नाव. आजवर एकाचंच आहे, तो कधीच गेला. "बिचारा रात्रंदिवस तेच बोलतो," तुरिद म्हणाली. "या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी डॉक्टर धावू देणार नाही म्हणे."

म्हणजे एकच संधी. त्याला एक, मलाही एक!

४ नोव्हेंबर

बर्फ पडला. चाकं कपाटात.

२६ नोव्हेंबर

आज सरावात सीव माझ्या पुढे फक्त वीस पावलं होती. मुद्दाम मागे राहिले. आत्ता जिंकून काय करायचंय?

९ जानेवारी, मंगळवार

आज मेणखोलीत बोलावलं त्याने मला. दार लावून घेतलं. इस्त्री तापलेली, सगळीकडे तो डांबर आणि मेणाचा वास. वासाने सतरा वर्षांची झाले क्षणभर.

"पोरी, एक काम आहे. कोणाला सांगायचं नाही."

हात पुढे धरले. थरथर, थरथर. मेणाचा थर सारखा बसत नाही म्हणाला. सीवला कळलं तर किल्ली काढून घेईल, कदाचित दौडही. "माझ्या स्कीला तू लावशील का? सकाळच्या वेळी, कोणी यायच्या आधी?"

"मीच का?" विचारलं.

"तुझा हात चांगला आहे. आणि तू बोलत नाहीस."

घरी येताना गाडीत मोठ्याने हसले. एकटीच! पस्तीस वर्षं ज्याचा गळा धरायची स्वप्नं बघितली, त्याने स्वतः मान आणून दिली.

६ फेब्रुवारी

दिवसभर दात खरवडते, सकाळी मेण. त्याच्या स्की आता मला माझ्या बोटांसारख्या माहीत झाल्यात. तो शेजारी बाकावर बसून सांगत असतो — जाड नको, तीन पातळ थर, प्रत्येक थर बुचाने घास, मग बाहेर गार होऊ दे. चांगला शिकवतो. मेल्याला हे कबूल करावं लागतं याचंच वाईट वाटतं.

आज तपकिरी चीज लावलेला पाव आणला होता, अर्धा मला दिला. म्हणाला, "ओस्लोत बरं गेलं का तुझं?" म्हटलं, गेलं. "लग्न?" केलं आणि मोडलं. "मी तुझ्याबद्दल विचारायचो," म्हणाला, "तुझ्या आईला. ती उत्तर नाही द्यायची."

आई! आईने मला कधी सांगितलं नाही हे.

संध्याकाळी वाटलं, जाऊ दे. म्हातारा आहे. पाटीवर नाव लागलं तर माझं काय जातंय? असं खरंच वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी स्वतःला दगड म्हणणार नाही.

१३ फेब्रुवारी

जाऊ देणार नाही.

आज वाफल्सच्या वेळी सगळे जमलेले. नव्या लोकांना जुने किस्से सांगायची सीवला हौस. "आणि आपली गुनवोर! एकदा निवडीच्या शर्यतीत असा काही बर्फ चिकटला हिला, टाचांचे बूट घालून लग्नाला निघाल्यासारखी टकटक चालत आली!" उठून चालूनही दाखवलं. पोट धरधरून हसले सगळे. तुरिदसुद्धा. मीही हसले. न हसून सांगते कोणाला?

तोर्लाइफ कपात बघत बसला. एक शब्द — अगं, चूक माझी होती — एवढा एक शब्द! नाही बोलला.

ठरलं. तसंच. अगदी तसंच, वर निळं.

२ मार्च, शनिवार

उद्या उणे चार सांगितलंय. ताजा बर्फ. हवामान खात्याला मुका द्यावासा वाटतोय.

३ मार्च, रविवार, सकाळ

झालं. साडेसहाला मेणखोलीत गेले. तो खोकत होता, त्याला म्हटलं, जा, अंगावर काही घे, मी बघते. गेला! लाल दोन थर, इस्त्रीने आत मुरवलं, बाहेर गार केलं, वर निळा एकच थर, कागदाएवढा. घासून असा चकचकीत केला की राजाला द्यावा. चार-पाच किलोमीटर तो टिकेल. मग चढ लागेल.

हात नाही थरथरले. थरथरतील असं वाटलं होतं.

स्की दिल्या. त्याने घेतल्या, खाली बघितलं नाही. "आभारी आहे, पोरी."

३ मार्च, संध्याकाळ

शेवटच्या रेषेपाशी मला काळ्या बेरीचं गरम सरबत वाटायचं काम होतं. उत्तम जागा. तीन तास झाले. सव्वातीन. त्याच्या वयाचे दोघे आले. साडेतीन झाले तेव्हा सीव घड्याळाकडे बघून रडायला लागली. मी पातेलं ढवळत राहिले. मजा आली. खोटं कशाला लिहू? घशापर्यंत गोड झालं सगळं.

पाच तास बावन्न मिनिटांनी आला. घसरत नाही, चालत. टक, टक, टक. पायाखाली पावाएवढे गोळे. थांबायचा, काठीने पाडायचा, चार पावलं, पुन्हा तेच. भुवयांवर बर्फ. लोक टाळ्या वाजवायला लागले तसं आणखी वाईट दिसलं ते. शेवटच्या चढाला पडला. उठला. मीच पुढे होऊन त्याला कप दिला, दोन्ही हातांनी धरायला लावला. तेवढं कोणीही केलं असतं.

सीव धावत आली. "बाबा, हे काय! मेण कोणी लावलं?"

तो म्हणाला, "मी. माझी चूक."

सगळ्यांसमोर! त्याच्या तोंडातून हे दोन शब्द ऐकायला मी पस्तीस वर्षं थांबले होते, आणि आले ते भलत्याच गोष्टीसाठी. गर्व बघा माणसाचा! हात थरथरतात हे मुलीला कळू नये म्हणून पन्नासावी दौड घालवली तरी खोटं बोलतोय. माझ्यावर संशयही नाही. मूर्ख म्हातारा. किल्ली तिथल्या तिथे काढून सीवच्या हातात ठेवली. उद्यापासून मेण दुसऱ्या कोणीतरी बघा म्हणाला.

घरी येऊन उरलेल्या पाच वाफल्स एकटीने खाल्ल्या.

४ मार्च

झोप छान लागली. दवाखान्यात एका बाईचा दात दुखवला, माफी मागितली. उद्या जाऊन यादीतून नाव काढते.

५ मार्च, मंगळवार

नाव काढायला गेले. तुरिद एकटीच होती, परवाच्या दौडीतले छातीवरचे कापडी नंबर धुऊन वाळत घालत होती. म्हणाली, "तोर्लाइफचं काही कळत नाही बाई. सुटायच्या आधी माझ्याशेजारी उभा होता. स्की उलटी केली, नखाने खरवडली, बघत राहिला. म्हटलं, काय झालं? तर म्हणतो, खाली लाल आहे. अरे मग बदल ना! दुसरी जोडी माझ्याच गाडीत, दहा पावलांवर. आणते म्हटलं. 'नको,' म्हणाला, 'अठ्ठ्याऐंशी साली एका पोरीला मी हेच लावून दिलं होतं. ऊनबिन काही पडणार नव्हतं तेव्हा.' आणि घातल्या की पायात!"

मग मला विचारलं, "कोण गं ती पोरगी?"

मी म्हटलं, मला काय माहीत.